मागाचा ठेका

शालन आणि दिगंबर मुसळे यांना घरात बोलायची सवय कधी लागलीच नाही.

इचलकरंजीतलं त्यांचं घर मागाच्या खोलीच्या वर होतं. खाली बारा साधे माग. लाकडी धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जायचा आणि प्रत्येक फेकीला हातोडा बसल्यासारखा दणका व्हायचा. बारा माग एकदम चालू असले की वर ओट्यावरची वाटी आपोआप सरकत जायची. दिगंबर चार माग सांभाळायचा, शालन त्याच खोलीच्या कोपऱ्यात धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायची. त्या गोंगाटात तोंडाने बोलून उपयोग नसायचा, म्हणून मागावरची सगळी माणसं ओठ हलवून आणि हातांनी बोलत. दोन बोटं जुळवून ताडकन अलग केली की धागा तुटला. तळव्यावर तळवा पुसला की सुट्टी. आणि एखाद्याला चहाला किंवा घरी जायचं असलं, तर शेजारचा कामगार आधी त्याच्याकडे, मग दाराकडे बोट करायचा आणि शेवटी आपला तळवा छातीवर टेकवायचा. तू जा, तुझं काम मी बघतो. उमेश तान्हा असताना दिगंबर दिवसातून चार वेळा ही खूण करायचा, आणि शालन हातातली कांडी टाकून वर पळायची.

खरं बोलणं व्हायचं ते संध्याकाळी. पाळी सुटली की दोघं पंचगंगेच्या घाटापर्यंत चालत जायची आणि परत यायची. जाताना पंचवीस मिनिटं, येताना पंचवीस. उमेशला कुठल्या शाळेत घालायचं, सासूबाईंना कुणी बघायचं, सगळं त्या रस्त्यावर ठरलं. उमेशच्या आधीची मुलगी आठ दिवसांची होऊन गेली, तेव्हा दिगंबर महिनाभर त्या रस्त्यावर नुसता चालला. एकतिसाव्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी म्हणाला, "तिची बोटं तुझ्यासारखी होती, शालन."

तेवढंच. पण घरात बसून त्याला ते कधीच म्हणता आलं नसतं, हे शालनला ठाऊक होतं. समोरासमोर बसलं की दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. चालणारा माणूस पुढे बघतो, आणि पुढे बघत काहीही बोलता येतं.

मग साधे माग गेले. हवेच्या झोतावर चालणारे आले, आणि काही वर्षांनी त्यांच्याकडे बघायलाही माणूस लागेनासा झाला. खालची खोली रिकामी झाली. घर शांत झालं तरी दोघांची सवय बदलली नाही. बोलायचं असलं की शालन चपला घालायची.

दिगंबर एकाहत्तर वर्षांचा झाला, त्या वर्षी तो दोनदा पडला. दोन्ही वेळा घाटाच्या रस्त्यावर, आणि दोन्ही वेळा बोलता बोलता.

*

"काका, त्या भिंतीपर्यंत चालून या," अन्विता पाटणे म्हणाली. ती वृद्धांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती, वय सव्वीस. जमिनीवर अंथरलेल्या काळ्या पट्टीवर प्रत्येक पावलाचा दाब मोजला जात होता.

दिगंबर चालून आला. ठीक चालला.

"आता तसंच चाला, पण शंभरातून तीन-तीन वजा करत."

"मला नापास करायला बोलावलंय व्हय?"

"चाला तर खरं."

"शंभर. सत्त्याण्णव. चौऱ्याण्णव." एवढं म्हणून दिगंबर पट्टीच्या मधोमध थबकला. उभ्या उभ्या त्याने छताकडे बघितलं, "एक्क्याण्णव" म्हणाला, आणि मग पुढचं पाऊल टाकलं.

शालनला ते बघून हसू आलं. अन्विता हसली नाही. तिने पडद्यावर त्या थबकण्याभोवती एक गोल काढला.

"तरुण माणसाचं चालताना पायांकडे लक्ष नसतं," ती समजावून सांगायला लागली. "कणा आणि मेंदूचे खालचे भाग ते काम परस्पर उरकतात. वय झालं की तळपायांकडून खबर कमी येते, कानातला तोल मंदावतो. मग मेंदूच्या पुढच्या भागाला, जिथे आपण आकडे जुळवतो, बोलणं जुळवतो, तिथून पायांना लक्ष पुरवावं लागतं. हे लक्ष मोजकंच असतं. बोलण्याकडे गेलं की चालण्याला कमी पडतं."

दिगंबरने त्या काळ्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे माग बाराच्या बारा हायत, पर कामगार एकच उरलाय. एका मागावर धागा जोडत बसला की बाकीच्यांकडं बघायला कोण न्हाई."

अन्विताच्या हातातली लेखणी थांबली. "काका, हे मी माझ्या प्रबंधात घेऊ?"

"घ्या की. खाली माझं नाव घाला म्हंजे झालं."

उपाय म्हणून तिने त्याला 'पदताल' दिलं. दोन्ही घोट्यांना एकेक पातळ पट्टा आणि कानामागे शेंगदाण्याएवढं बटण. बटणातून हाडावाटे ताल ऐकू यायचा. माणसाच्या मेंदूची एक जुनी खोड अशी, की ठेका कानावर पडला की हालचालीचे भाग लक्षाला न विचारता त्याच्याशी जुळतात. त्यामुळे पावलांना बाहेरूनच आधार मिळतो आणि तो एकटा कामगार जरा मोकळा होतो. घोट्यांचे पट्टे प्रत्येक पावलाची लांबी आणि वेळ मोजत. बटण, माणूस बोलतोय का ते ऐकत असे. बोलणं चालू झालं आणि पावलं डळमळली, की ताल आपोआप मोठा होई.

"या वयात घुंगरू बांधलं मला," दिगंबर म्हणाला.

पहिले आठ दिवस काही साधलं नाही. यंत्राची टिकटिक तो मोजत बसायचा, म्हणजे चालणं आणि बोलणं यांत तिसऱ्या कामाची भर पडायची. मग अन्विताने विचारलं, "काका, आयुष्यभर तुम्ही कुठला ठेका ऐकलात?"

गावात एका जुन्या कारखानदाराने हौसेने एक साधा माग जपून ठेवला होता. अन्विताने तिथे जाऊन त्याचा आवाज टिपून आणला आणि बटणात भरला. दिगंबरने तो ऐकला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हा माग सुस्त चाललाय. पट्टा ढिला हाय याचा."

"तुमच्या पावलाइतका हळू केलाय, काका."

"तर मग पट्टा माझाच ढिला हाय." असं म्हणून तो उठला, आणि त्या काळ्या पट्टीवर असा चालत गेला की शालनला चाळीस वर्षांपूर्वीचा, चार मागांमधून येरझाऱ्या घालणारा माणूस दिसला.

*

पहिल्या संध्याकाळी दोघं निघाली. वडापावच्या गाडीपर्यंत शालन नुसतं त्याच्या पायांकडे बघत राहिली. पावलं एकसारखी पडत होती.

"उमेशचा फोन आला होता," ती म्हणाली. "पुण्याला या म्हणतोय."

दिगंबर चालत राहिला.

"अहो, ऐकू येतंय न्हवं?"

त्याने मान हलवली. ऐकू येत होतं. टाकी आली, घाट आला, घाटावरून दोघं फिरली. पन्नास मिनिटांत तो एक शब्द बोलला नाही. घरी येऊन बटण काढल्यावर त्यानेच विषय काढला, जरा ओशाळून. "माग चालू असला की तोंड आपोआप मिटतं, शालन. मी काय मुद्दाम करत न्हाई."

आठ महिने तसेच गेले. तो एकदाही पडला नाही. दर महिन्याला अन्विता पडद्यावर एक रेघ दाखवायची. ती मोकळ्या रस्त्यासारखी सरळ होत चालली होती.

"चाल उत्तम. बोलण्याचा भार जवळजवळ शून्य," अन्विता आनंदाने म्हणाली. "असा ठेका आता आम्ही आणखी चाळीस लोकांना देणार आहोत. ज्याला त्याला त्याच्या त्याच्या कामाचा आवाज."

"आवाज जरा बारीक केला, तर बोलतील का हे?" शालनने विचारलं.

"बोलतील, मावशी. आणि पडतील. त्यांच्या हाडांचा फोटो मी बघितलाय. खुबा मोडला तर या वयात..."

शालनने घरी येऊन गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. चहा आणला.

"बोला की," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"कायबी."

दिगंबरने कपात बघितलं. "साखर बरोबर पडलीय."

"व्हय."

चहा संपला. त्याने खुर्ची जराशी फिरवून रस्त्याकडे तोंड केलं. तिनेही केली. तरी काही सुचलं नाही. पाय हलत नव्हते, आणि त्या दोघांचं बोलणं पायांतूनच वर यायचं. शेवटी दिगंबर म्हणाला, "तू खुर्च्या आत घे, उन्हानं रंग जातो." ती खुर्च्या घेऊन आत गेली आणि मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली.

*

इस्माईल शिकलगार हा जुना जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा कारागीर. पाठीची वाट लागली होती, म्हणून संध्याकाळभर तो टाकीजवळच्या चहाच्या टपरीवर बसून असायचा. एके दिवशी दोघं लांबून येताना त्याला दिसली. त्याने हात वर केला, दोन बोटं ताडकन अलग केली, मग शालनकडे बोट करून भुवया उडवल्या. धागा तुटला काय रे? भांडलायसा?

दिगंबर हसला. त्याने चालता चालता हात उचलला आणि खूण केली, धागा शाबूत हाय, जॉबर म्हातारा झाला. इस्माईल टपरीच्या बाकावर बुक्की मारून हसला. दिगंबरचं एक पाऊलही चुकलं नाही.

शालन मात्र जागीच थांबली.

मागाच्या आवाजात तोंड मिटतं. पण मागाच्या आवाजातच तर हात सुटतात! यंत्र कान देऊन बसलंय ते आवाजाला. हात हलले तर त्याला काय कळणार?

ती झपाझपा चालत त्याच्यापुढे अर्धं पाऊल गेली, वळली आणि ओठ हलवून म्हणाली, "उमेश पुण्याला या म्हणतोय."

दिगंबरने तिच्या ओठांकडे बघितलं. त्याचा चेहरा असा उजळला की तिला एकदम लाजल्यासारखं झालं. त्याने हाताने झटकल्यासारखं केलं. कशाला? तिथं काय हाय?

त्यानंतरच्या अकरा संध्याकाळी शालनने आयुष्यभर जपून ठेवल्या. दोघं म्हातारी माणसं रस्त्याने हातवारे करत जाताना बघून पोरं हसायची. पालिकेच्या बिनचालकाच्या बसमधून लोक वळून बघायचे. आठ महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर येत होतं. शेजारणीच्या सुनेची गोष्ट, गुडघ्याची गोष्ट, उमेशकडे जायचं नाही हा निकाल. नवव्या दिवशी टाकीपाशी दिगंबरने आपली बोटं पसरून तिला दाखवली, मग तिच्या बोटांकडे खूण केली आणि दोन्ही हातांचा लहानसा पाळणा केला. इतक्या वर्षांत ती गोष्ट त्याने दुसऱ्यांदा काढली होती. शालनने मान हलवली. मला आठवतंय.

अन्विताला यातलं काही सांगायचं तिला सुचलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटलं नाही. ती तर एक शब्दही बोलत नव्हती.

बाराव्या दिवशी परतताना ती त्याला इस्माईलची नक्कल करून दाखवत होती. पाठ धरून बाकावरून उठणारा, शिव्या देणारा इस्माईल. दिगंबर हसत होता, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे. मागाच्या बोलीत बोलायचं तर एकमेकांकडे बघावंच लागतं. ती बोली मागाच्या दोन बाजूंना उभं राहून बोलायची होती, जिथे पायाखाली रोजची सपाट फरशी असायची. इथे गटारावरची एक फरशी एका कोपऱ्याला दोन बोटं वर आली होती.

हाड मोडल्याचा आवाज शालनला ऐकू आला. दिगंबरच्या कानात माग चालू होता.

*

शस्त्रक्रिया झाली. सहाव्या दिवशी छातीत कफ भरला, आणि त्याला काचेपलीकडच्या खोलीत हलवलं.

अन्विता रोज यायची. त्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर शालनशेजारी येऊन बसली. मांडीवर यंत्राचा छोटा पडदा होता. तिने रेघ दाखवली.

"मावशी, मला एक कळत नाहीये. पडण्याच्या क्षणापर्यंत पाऊल एकसारखं आहे. ते काही बोलत नव्हते. तोल जाण्याची एकही खूण नाही. चाळीस जणांना हे यंत्र दिलंय. त्यांच्यातला कुणी असाच पडू नये म्हणून विचारते, तेव्हा काय झालं?"

शालनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. न सांगता चाललं असतं. रस्त्यावर ते कुणी बघितलं असलं तरी त्याचा अर्थ कुणाला लागला नसता. इस्माईल तोंड उघडणार नव्हता.

"आम्ही बोलत होतो," ती म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. खुणाही करून दाखवल्या.

अन्विताची नजर त्या हातांवरून पडद्यावरच्या रेघेकडे गेली. मग हळू म्हणाली, "म्हातारपणी पाय डोळ्यांवर फार अवलंबून असतात. ठेका पावलाची लय सांभाळतो, पण पुढे फरशी वर आलीये हे त्याला दिसत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं. आम्ही कानांचा विचार केला, बोलण्याचा केला. डोळे कुठे असतील याचा केलाच नाही."

"म्हंजे मीच पाडलं."

अन्विताने बोटाने रेघ मागे सरकवली. "हे आधीचे अकरा दिवस बघा. गेल्या आठ महिन्यांत त्यांचं पाऊल इतकं लांब आणि इतकं एकसारखं कधीच पडलं नव्हतं. मला वाटलं होतं, यंत्राचा गुण आहे. मी तसं लिहूनही टाकलंय." तिने पडदा बाजूला ठेवला. "त्यांचे डोळे तुमच्याकडे होते म्हणून ते पडले. आणि त्या अकरा दिवसांत सगळ्यांत चांगले चालले, ते मला वाटतं तुमच्यामुळेच. यातलं एक खरं आणि एक खोटं असं मला सांगता येत नाही, मावशी. बोलण्याचा भार शून्य झाला, तेव्हा मला आनंद झाला होता. तुम्ही मला आवाज कमी करायला सांगितलात, तेव्हा का सांगताय, एवढं तरी मी विचारायला हवं होतं."

"तुझं काय चुकलं, पोरी? तू त्यांना पडू नये म्हणून बघत हुतीस."

"आणि तुम्ही?"

शालनने काचेकडे बघितलं. "मी त्यांच्याशी बोलायला बघत हुते."

*

आत यंत्रांचे आवाज होते. छातीत हवा भरणारं यंत्र ठराविक वेळाने उसासायचं, दुसरं टुकटुकायचं. दिगंबरच्या नाकातोंडावर मुखवटा होता, त्यामुळे बोलणं शक्यच नव्हतं. शालन खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर बसून तिला अवघडल्यासारखं वाटलं नाही.

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, यंत्रांकडे बघितलं. मग चादरीवरचा एक हात उचलला आणि वेड्यावाकड्या चालीने हवेत हलवला. हा माग बिघडलाय, जॉबरला बोलवा.

शालन हसली. ओठ हलवून म्हणाली, "जॉबरची पाठ गेलीय."

त्याचे खांदे हलले. तो हसला असावा. मग तो थकला. बराच वेळ नुसता बघत राहिला. बाहेर पाळी बदलली, नवीन परिचारिका येऊन बाटली तपासून गेली. खिडकीत उतरती उन्हं आली होती. याच वेळेला दोघं चपला घालून निघायची.

दिगंबरने दोन्ही हात कसेबसे एकत्र आणले. तळव्यावर तळवा पुसला, आणि भुवया उंचावून तिच्याकडे बघितलं.

सुट्टी?

मुखवट्याआडचा श्वास आत गेला, बराच वेळ थांबला, बाहेर आला. तो तिच्या हातांकडे बघत होता. मागच्या सगळ्या वर्षांत कधी बघितलं नसेल इतकं लक्ष देऊन बघत होता. आता त्याला दुसरं काही सांभाळायचं नव्हतं.

शालनने आधी त्याच्याकडे बोट केलं. मग दाराकडे. मग आपला तळवा छातीवर टेकवला आणि तो डोळे मिटेपर्यंत तसाच ठेवला.